डॉक्टरांची पोटदुखी

सातुर्नीनोच्या नातवाच्या जावळाला मला बोलावणं आलं, पण कात्री धरायला नाही. नुसतं जेवायला.

ज्याला हे एवढंसं वाटतं त्याने आमच्या पठारावर बावीस वर्षं काढलेली नाहीत. इथे पोराची पहिली बट ज्याच्या हातून कापली जाते तो त्या पोराचा धर्मबाप होतो, आणि पोराच्या घरच्यांचा कोंपाद्रे, म्हणजे जोडलेला सोयरा. भाऊ काय, नशिबात असेल तसा मिळतो. कोंपाद्रे माणूस डोळे उघडे ठेवून निवडतो. आणि निवडताना लोक हात बघतात. ज्या हाताला यश आहे त्याच हाताची कात्री पोराच्या केसांना लागली पाहिजे. या गावातल्या सरकारी दवाखान्यात मी बावीस वर्षं एकटा सर्जन होतो. पोटं मी उघडायचो, टाके मी घालायचो, त्यामुळे यशाचा हात कोणाचा यावर गावात कधी वाद झाला नाही. एक्केचाळीस पोरांची पहिली बट मी कापली आहे. त्यातली पाच एकट्या सातुर्नीनोची.

सातुर्नीनो लोकरीचा व्यापार करतो. मी आरेकिपा शहरातून नवा नवा इथे आलो तेव्हा पहिलं अपेंडिक्स काढलं ते त्याचं. तेव्हापासून त्याच्या घरात माझ्याशिवाय पान हलत नव्हतं. आणि हा माणूस गेल्या महिन्यात दवाखान्यात आला, माझ्या उघड्या दारावरून सरळ पुढे गेला, आणि पलीकडच्या खोलीत जाऊन डॉक्टर नेलिदा तुर्पोला म्हणाला की माझ्या नातवाचं जावळ तुमच्या हातून व्हावं अशी घरात सगळ्यांची इच्छा आहे. आमच्या खोल्यांमधली भिंत पातळ आहे. मी शब्द न् शब्द ऐकला.

नेलिदा आठ महिन्यांपूर्वी आली. वय एकतीस. दोन गावं पलीकडच्या मेंढपाळांची मुलगी. शिकायला शहरात गेली आणि, कोणी येत नाही तशी, परत आली. कागदावर ती माझी मदतनीस होती. ती वाईट सर्जन असती तर मी तिला पोटच्या मुलीसारखं शिकवलं असतं. पण ती वाईट नव्हती, आणि तिथेच सगळं बिनसलं.

मला केचुआचे, म्हणजे इथल्या लोकांच्या बोलीचे, वीसेक शब्द येतात. कुठे दुखतं, कधीपासून, खोकून दाखव, श्वास घे, रडू नकोस. एवढ्या भांडवलावर मी बावीस वर्षं निभावली. नेलिदाची ती आईची भाषा. लोक माझ्याकडे पोट घेऊन यायचे, तिच्याकडे गोष्ट घेऊन यायला लागले. नवऱ्याशी भांडण कधी झालं, मेंढी कुठे पडली, धाकटी जाऊ काय बोलली, आणि त्या सगळ्यात मधेच कुठेतरी, दुखणं नेमकं कधी आणि कुठून सुरू झालं ते. ती ऐकत बसायची, आणि तेवढ्या वेळात आपले तळवे स्वतःच्या काखेत धरून गरम करायची. गार हात लागला की पोट आक्रसतं. मग दुखतंय तिथून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यावर हात ठेवायची आणि सावकाश जवळ यायची. हे मलाही माहीत आहे, मीच शिकाऊ डॉक्टरांना शिकवतो. पण बाहेर चाळीस माणसं उभी असताना मी ते करत नाही.

प्रत्येक सर्जन आयुष्यात काही पोटं उगाच उघडतो. आत बघावं तर अपेंडिक्स गुलाबी, निरागस, त्याचा काही गुन्हा नाही. माझ्या नावावर अशी किती आहेत ते मी सांगणार नाही. आठ महिन्यांत नेलिदाच्या नावावर एकही नव्हतं. आणि तिची चीर तीन बोटांची असायची. माझी पाच.

अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बायका दाराशी येऊन विचारायच्या, डॉक्टरीणबाई आहेत का, आणि मी आहे म्हटलं की म्हणायच्या, मग आम्ही थांबतो. थांबायच्या! मी समोर रिकामा बसलेला असताना. मी मग त्याचा वचपा ऑपरेशन थिएटरमध्ये काढायचो. ही चीर आहे की किल्लीचं भोक. हा टाका आहे की भरतकाम. पहिल्याच आठवड्यात एका हर्नियाच्या वेळी, सगळे ऐकत असताना, मी टेबलापलीकडून तिला म्हणालो, "डॉक्टर, हात थरथरतोय तुमचा." तिचा हात थरथरत नव्हता. पण त्या दिवसानंतर मी समोर उभा राहिलो की थोडासा थरथरायला लागला. ते मला दिसायचं, आणि सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटायचं.

तर रविवारी दुपारी जावळ झालं. सातुर्नीनोच्या अंगणात बाकं मांडली होती, गाव जमलं होतं. पोर जे भोकाड पसरून बसलं होतं ते कोणाच्या बापाला आवरेना. नेलिदा त्याच्यासमोर उकिडवी बसली, त्याच्या कानात केचुआत काहीतरी पुटपुटली, ते पोर फिसकन हसलं आणि तेवढ्यात तिने कात्री चालवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सातुर्नीनोने तिला मिठी मारली आणि सगळ्यांदेखत कोंमाद्रे, म्हणजे बाईमाणूस कोंपाद्रे, म्हणून हाक मारली. आणि बरोबर त्याच क्षणी माझ्या पोटात कळ आली.

कळ आली ती बेंबीच्या वर, छातीच्या हाडाखाली. इथले लोक त्या जागेला काळजाचं तोंड म्हणतात. पुढ्यात ताट आलं. मेंढीचं भाजलेलं मटण, चुन्यो म्हणजे हिवाने सुकवलेले बटाटे, ताज्या चीजची जाड कापं. एरवी मी दुसरं ताट मागून घेतो. त्या दिवशी वास आला आणि मी ताट सरकवलं.

शेजारी एर्मेलिंदा बसली होती. एर्मेलिंदा आमच्या थिएटरची नर्स, साठीची. बावीस वर्षं माझ्या हातात हत्यारं देत आली आहे, आणि तिच्या जिभेला त्यातल्या कुठल्याही हत्यारापेक्षा जास्त धार आहे.

"जेवत नाही, डॉक्टर?"

"भूक नाही."

"नसायचीच. पोट आधीच भरलंय."

कशाने ते मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही, नुसती भिवई उडवून नेलिदाकडे बघितलं. पलीकडच्या बाकावर दोन म्हाताऱ्या माझ्या सरकवलेल्या ताटाकडे बघून कुजबुजत होत्या. त्यांचे शब्द मला कळले नाहीत, पण कोलेरिना हा शब्द कळला. संतापाने नाहीतर हेव्याने माणसाचं पोट धरतं, त्याला इथे कोलेरिना म्हणतात. बावीस वर्षं मी हा शब्द माझ्या खोलीत उच्चारू दिला नव्हता. कोणी म्हणालं की सासूशी भांडले आणि कोलेरिना झाली, की मी म्हणायचो, बाई, भांडणाने पोट दुखत नाही, पोट दुखायला लागलं की माणूस भांडतो. चल, झोप टेबलावर. त्या शब्दाच्या आडोशाला राहून फुटलेली अपेंडिक्सं मी किती धुतली आहेत त्याला गणती नाही.

आणि त्या रविवारी घरी जाताना मी स्वतःला काय सांगितलं? की लेओन्सिओ, ही कोलेरिना आहे.

का नाही सांगणार? मला कारण माहीत होतं. कुठल्या क्षणी सुरू झालं ते माहीत होतं. हेवा मला वाटत होता, चांगला ढोपरापासून घशापर्यंत वाटत होता, मग त्याने पोट का दुखू नये? मला तर त्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणाही वाटला. संध्याकाळी एकदा उलटी झाली. मी मुन्या नावाच्या डोंगरी झुडपाच्या पाल्याचा चहा करून प्यायलो, जो मी आजवर कोणाला पिऊ दिला नव्हता, आणि झोपलो.

सोमवारी सकाळी काळजाच्या तोंडाशी दुखायचं थांबलं होतं. मला आनंद झाला, म्हटलं राग निवळला. उजव्या कमरेत, जरा पाठीकडे, ठणकत होतं, त्याचं खापर मी सातुर्नीनोच्या बाकावर फोडलं. तरी मी सर्जन माणूस. पडल्या पडल्या स्वतःचं पोट चाचपून बघितलं. पुढून मऊ, पावासारखं. झालं, संपलं.

माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोराला मी एक नियम पाठ करायला लावला आहे. दुखणं काळजाच्या तोंडाशी सुरू झालं, दिवसभरात चालत चालत खाली उजवीकडे गेलं आणि माणसाने ताट परत पाठवलं, की सोनोग्राफीच्या यंत्राची वाट बघू नका, हात धुवायला लागा. तो नियम घोकून घेणारा मी त्या सकाळी उजवा पाय सरळ होत नाही म्हणून पाय स्टुलावर ठेवून बुटाची नाडी बांधत होतो, आणि मला तो आठवला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. फक्त इथे दिव्याने स्वतःच डोळे मिटून घेतले होते.

दवाखान्यात पोचलो तर गडबड. पहाटेपासून पठारभर संप सुरू झाला होता, आणि हुलियाका शहराच्या रस्त्यावर पुलाच्या दोन्ही टोकांना दगड रचून ठेवले होते. ॲम्ब्युलन्ससुद्धा सोडत नव्हते. मी जिना चढून वॉर्डात गेलो. नेलिदा वर उभी होती आणि मी वर येईपर्यंत माझ्याकडे बघत होती.

"डॉक्टर, उजवा पाय का ओढताय?"

"तुमचं लक्ष रुग्णांच्या पायाकडे असू द्या."

"तेच करतेय," ती म्हणाली.

वॉर्डातल्या बायका हसल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने आवाज खाली आणला आणि विचारलं की काल तुम्ही जेवला नाहीत, सकाळी काही खाल्लंत का. मी म्हणालो, माझ्या ताटाची चौकशी करायला तुम्हाला सरकार पगार देत नाही. ती म्हणाली की पाच मिनिटं आतल्या खोलीत आडवे व्हा, मला बघू द्या. सगळ्यांसमोर! मी म्हणालो, माझं पोट मी बघितलंय, मऊ आहे, आणि मला अपेंडिक्स शिकवायला तुमचे अजून वीस पावसाळे जायचेत.

"पुढून मऊ असेल," ती म्हणाली. "मागे लपलं असेल तर पुढून मऊच लागणार. पाय मात्र ओढला जाणार."

ती बरोबर होती. काही माणसांत अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे, पाठीच्या बाजूला दडून बसतं. पोट पुढून काही बोलत नाही, पण मागे मांडीला जाणारा स्नायू चिडतो आणि माणूस पाय सरळ करत नाही. हे मला इतकं पाठ होतं की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. पण ते तिच्या तोंडून आलं. मी माझ्या खोलीत गेलो आणि आतून कडी लावली.

दुपारपर्यंत मी तिथे बसलो. आधी रागाने गरम झालोय असं वाटलं, मग दात वाजायला लागले. रागाने दात वाजत नाहीत एवढं मला अजून कळत होतं. तेवढ्यात एर्मेलिंदाने बाहेरून खिळा घालून कडी सरकवली, ते ती बावीस वर्षं करू शकत होती हे मला त्या दिवशी समजलं, आणि न बोलता माझ्या काखेत थर्मामीटर खुपसला. एकोणचाळीस सेल्सियसच्या वर पारा बघितला, थर्मामीटर झटकला.

"बावीस वर्षं तुमच्या हातात मी सुऱ्या दिल्या," ती म्हणाली. "आता नीट ऐका. अपेंडिक्स काढायची सुरी माझ्याकडे आहे. हेवा काढायची नाही. तो तुमचा तुम्ही गिळा, आणि लवकर गिळा."

मग तिने नेलिदाला बोलावलं. नेलिदाने मला डाव्या कुशीवर वळवलं, एक हात माझ्या कमरेवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने माझा उजवा पाय धरून हळूच मागे ओढला. मी ओरडलो. माझा आवाज वॉर्डापर्यंत गेला असं नंतर कळलं. तिचा हात गरम होता, हेही माझ्या लक्षात आलं, आणि त्या अवस्थेतही त्याचा मला राग आला. रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या. आता कोणाला काही शंका नव्हती, मलाही नाही.

मला वाटलं ती आता म्हणेल, चला थिएटरमध्ये. तिच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो, आणि जरा चढ्या आवाजात म्हणालो असतो. पण ती म्हणाली, "मी तुम्हाला हुलियाकाच्या मोठ्या दवाखान्यात पाठवते. पुलापर्यंत आपली ॲम्ब्युलन्स, पूल स्ट्रेचरवर, पलीकडे दुसरी गाडी बोलावते."

एर्मेलिंदा तिच्याकडे बघतच राहिली. भूल देणारा डॉक्टर दारात उभा होता, तो म्हणाला, हे सगळं धरून सहा तास होतील, सहा तासांत ते फुटेल. आणि मी? खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, वेळ आल्यावर कच खाल्लीच. पोटात आग लागलेली, अंगात ताप, मरणाच्या दारात माणूस, आणि जित्याची खोड काही जात नाही.

"कारण सांगा," मी म्हणालो.

तिने एर्मेलिंदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला माहीत आहे. तुम्ही समोर असलात की माझा हात थरथरतो. दुसऱ्या कोणाच्या वेळी नाही. आणि पाठीत सुई दिली की तुम्ही जागे असणार. टेबलावर, जागे, प्रत्येक टाका ऐकत. माझ्याने नाही होणार. तुमच्या आतड्यात माझी सुरी चुकली तर तुम्ही मराल, डॉक्टर."

आता मला खरी भीती वाटली. आठ महिने खपून, एकेक टोमणा मारून, मी या मुलीचा हात बिघडवला होता, आणि आता शंभर मैलांत माझ्या पोटाला तोच एक हात होता. सहा तास दगडांवरून हिसके खात जायचं आणि वाटेत फुटायचं, किंवा बोलायचं. बाकी रस्ता नव्हता. मी एर्मेलिंदाला म्हणालो, मला उठवून बसव. तिने बसवलं. भूल देणारा डॉक्टर जायला वळला, त्याला म्हटलं थांबा, हे तुमच्यासमोरच व्हायला पाहिजे.

"त्या हर्नियाच्या वेळी तुमचा हात थरथरत नव्हता," मी नेलिदाला म्हणालो. "मी खोटं बोललो."

"का?" तिने विचारलं.

"कारण तो हात माझ्या हातापेक्षा चांगला आहे. पहिल्याच दिवशी मला ते दिसलं. मला सहन झालं नाही."

दाढ उपटताना जेवढं दुखत नाही तेवढं ते वाक्य उपटताना दुखलं. नेलिदाने आपल्या हातांकडे बघितलं, मग तळवे काखेत धरले. "थिएटर तयार करा," ती म्हणाली.

चार वाजता मी माझ्याच टेबलावर होतो. पाठीत सुई दिली, छातीखालचं सगळं बधिर झालं, आणि हनुवटीसमोर हिरवा कापडी पडदा आला. मी असंख्य वेळा त्या पडद्याच्या पलीकडे उभा राहिलो होतो. अलीकडे काय असतं याचा विचार कधी केला नव्हता. अलीकडे छत असतं, छताला एक ओलीचा डाग असतो, आणि आवाज असतात. चिमटा ट्रेमध्ये पडला की कुठला ते मला आवाजावरून कळायचं. कातडी झाली. स्नायू झाले. पोटात शिरली. एर्मेलिंदा हत्यारं देत होती तीही तिला, न मागता, जशी मला देते तशी.

मग आवाज थांबले.

सर्जनला माहीत असतं की टेबलावरची शांतता दोन तऱ्हेची असते, एक काम नीट चाललं असल्याची आणि दुसरी अडल्याची. ही दुसऱ्या तऱ्हेची होती. तिला सापडत नव्हतं. आतडं उचलायचं, बाजूला सारायचं, बोट मागे घालायचं. कुठे घालायचं, किती उचलायचं, आतड्यावरच्या पांढऱ्या पट्टीच्या मागोमाग मुळाकडे कसं जायचं, सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं. एक वाक्य. एक वाक्य बोललो असतो तर मी परत त्या खोलीतला सर्जन झालो असतो, ती शिकाऊ झाली असती. मी तोंड उघडलंही. एर्मेलिंदाने पडद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी मूग गिळून गप्प बसलो. आयुष्यात एवढे मूग मी कधी गिळले नव्हते.

"डॉक्टर," पडद्यामागून नेलिदाचा आवाज आला. बारीक झाला होता. "सापडत नाहीये."

मी छताकडे बघत होतो. माझं पोट उघडं होतं, आणि मला त्या आवाजातली थरथर ऐकू येत होती. ती माझीच होती, मीच घातलेली.

"ते कुठे आहे हे सकाळी तुम्हीच मला सांगितलंत," मी म्हणालो. "मी ऐकलं नाही. तुम्ही तरी स्वतःचं ऐका."

मग तिने लांब श्वास सोडल्याचा आवाज आला, आणि ती केचुआत काहीतरी पुटपुटली. ते माझ्यासाठी नव्हतं, मला वाटतं आतड्यासाठी होतं. एर्मेलिंदा हसली. मग चिमटा, दोरा, कात्री, एकामागून एक, कुठेही न अडखळता. "मागेच होतं," नेलिदा म्हणाली. तिने ते चिमट्यात धरून पडद्यावरून मला दाखवलं. करंगळीएवढं, टोकाशी काळं पडलेलं, आणि ते काळं इतकं पातळ झालेलं की सहा तास सोडा, दोन तासही टिकलं नसतं. हात अजिबात हलत नव्हता. मी तेवढंच बघितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातुर्नीनो आला. एका हातात कापडात गुंडाळलेलं भांडं, दुसऱ्या हातात टोपी. कोंबडीच्या रश्शाचा वास खाटेपर्यंत आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी म्हणालो, कोंपाद्रे, कशाला त्रास घेतलास, दे इकडे. तो ओशाळला. म्हणाला, रस्सा डॉक्टरीणबाईंसाठी आहे. त्यांनी तुम्हाला वाचवलं ना. तुम्हाला अजून पेजेच्या पुढे काही द्यायचं नाही असं त्यांनीच सांगितलंय.

मग तो खाटेच्या कडेला बसला, तिची वाट बघत, आणि मला गावची खबर सांगू लागला. गावात दुसरा विषय नव्हता. माझं अपेंडिक्स एर्मेलिंदाने बरणीत घालून खिडकीत ठेवलं होतं आणि लोक येऊन बघून जात होते. सगळ्यांचं एकमत होतं. डॉक्टरांच्या पोटातून जे निघालं ते दुसरं काही नाही, हेवाच होता. काळा होता, असाच असतो म्हणे. नेलिदाबाईंनी मुळापासून काढला. एखाद्या बाईने पोटातला हेवा चिमट्याने काढल्याचं पठारावर पूर्वी कोणी ऐकलं नव्हतं.

एरवी मी त्याला समजावलं असतं की अपेंडिक्स म्हणजे काय, ते काळं का पडतं, आणि हेव्याला पोटात जागा नसते. सगळं तोंडावर आलं होतं. पण मी रश्शाच्या भांड्याकडे बघत होतो.

सातुर्नीनो जवळ वाकला. माझ्या पोटावरच्या पट्टीकडे बघून, जसं घरच्या आजाऱ्याला विचारावं तसं, त्याने हळू आवाजात विचारलं, "आता बरं वाटतंय ना, कोंपाद्रे? निघाला ना सगळा?"

बावीस वर्षांत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. हो म्हणायला काही लागत नव्हतं.

"थोडा राहिलाय, कोंपाद्रे," मी म्हणालो.

त्याला आश्चर्य वाटलं नाही. त्याने मान डोलावली. "राहतोच थोडा," तो म्हणाला, आणि घाईने भांडं सावरत उठून उभा राहिला, कारण नेलिदा दारातून आत येत होती. वॉर्डातल्या बायकाही उठल्या. मी टाक्यांवर हात ठेवला, डाव्या कोपरावर भार दिला, आणि मीही उठून बसलो.